डिग्बीकाका आणि रुसायची जागा

घर बांधून घ्यायला आलेल्या माणसांना आर्किटेक्ट काय विचारतो? बेडरूम किती हव्यात, किचन मोठं हवं का, गाडी कुठे लावणार. डिग्बीकाका यातलं काही आधी विचारत नसत. टोपी काढून मांडीवर ठेवत, समोरच्या नवरा-बायकोकडे आळीपाळीनं बघत आणि डॉक्टर ज्या सुरात पोट साफ होतं का विचारतात त्या सुरात विचारत, "तुमच्याकडे रुसतं कोण?"

विचारत अर्थात इंग्रजीत, आणि तेही ऑस्ट्रेलियन इंग्रजीत, म्हणजे शेवटी ‘दोस्ता’ म्हणतात तसं एक ‘मेट’ लावून.

मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तो बर्मिंगहॅमजवळ सॉलिहलमधल्या एका डेंटिस्टच्या घरी. मी काकांच्या ऑफिसात नवी होते, मापं घ्यायची टेप माझ्या हातात होती. बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. नवऱ्यानं बाईंकडे दाखवलं. मग दोघांनी मिळून कुत्र्याकडे दाखवलं. इंग्रज माणसं, आता हसून विषय बदलतील असं मला वाटलं. पण काकांनी गंभीरपणे विचारलं की कुत्रा रुसला की कुठे जातो. जिन्याखाली, दोघं म्हणाले. काका उठले, गुडघ्यांवर बसून जिन्याखाली शिरले आणि बराच वेळ आतच राहिले. बाहेर आल्यावर कपडे झटकत मला मराठीत म्हणाले, "या घरात अक्कल फक्त कुत्र्याला आहे. सगळ्यात चांगली जागा त्यानं घेतलीय."

नवीन घर झालं तेव्हा जिन्याखाली एक खिडकी होती आणि बसायला रुंद बाक. पुढच्या ख्रिसमसच्या सुमारास त्या बाईंचा फोन आला, की तिथं बसायला आता नंबर लावावा लागतो आणि कुत्र्याचा नंबर शेवटी येतो.

डिग्बीकाका म्हणजे दिगंबर वैशंपायन. हा माणूस यशस्वी आहे हे आधीच सांगून टाकते, कारण बघून ते कळत नाही. नोव्हेंबरात हाफ पँट, पायांत लोकरीचे लांब मोजे, डोक्यावर मेंढ्या राखायला निघाल्यासारखी रुंद टोपी आणि नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा. बर्मिंगहॅमच्या आकाशात आठवडाभर सूर्य दिसलेला नसायचा, पण काका साइटवर निघण्यापूर्वी नाक पांढरं केल्याशिवाय राहायचे नाहीत. साइटवरची माणसं म्हणायची, डिग्बी, आज छत्रीला लाव ते. काका म्हणायचे, अ‍ॅडलेडच्या उन्हाची सवय आहे, ते कुठूनही येऊ शकतं.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला ते वाढले. वडील पुण्याचे, रेल्वेतले इंजिनिअर, तिकडे नोकरी लागली म्हणून कुटुंब घेऊन गेलेले. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाईंची जीभ ‘डिग’पाशी अडकली आणि उरलेलं नाव वर्गानं आपल्या मनानं पूर्ण केलं. तेव्हापासून डिग्बी. मराठी आईकडून मिळालेलं, त्यामुळे त्यात माजघर होतं, न्हाणीघर होतं, पडवी होती, पण ‘फोन चार्जिंगला लाव’ म्हणायची वेळ आली की काका हातानं खूण करायचे. ‘तो खिडकी’ आणि ‘माझा आई’ असं सर्रास म्हणायचे. मी सुरुवातीला दुरुस्त करत असे. मग एकदा ते म्हणाले, "मेट, खिडकीला चालतंय ना?" मी सोडून दिलं.

ऑफिसात मी त्यांना सगळ्यांसारखी डिग्बी म्हणे. ‘डिग्बीला वाटतं की भिंत मागे घ्यावी’ असं क्लायंटला सांगून मी वळायची आणि म्हणायची, काका, तुम्ही चहा घेणार का. या दोन्हींत कुणालाच काही विचित्र वाटत नसे.

तरुणपणी ते लंडनला आले आणि ईलिंगमध्ये एका छोट्या ऑफिसात लागले. पहिलं काम एका म्हाताऱ्या बाईंच्या घराला काचेची खोली जोडायचं. हिवाळ्यात उन्हात बसून विणकाम करता यावं एवढीच त्यांची इच्छा. काकांनी जीव ओतून ड्रॉइंग काढलं, ही मोठी काच, हे खोल छप्पर, आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि विचारलं की या बाईंवर तुझा काही राग आहे का. खोली उत्तरेला होती. ऑस्ट्रेलियात ऊन उत्तरेकडून येतं, तिथं प्रत्येक शहाणा माणूस घराचं तोंड उत्तरेला ठेवतो. इंग्लंडमध्ये उत्तरेला येतो तो फक्त वारा. काका ही गोष्ट स्वतःच सांगायचे, आणि सांगताना खुर्चीतून पुढे वाकायचे. "युरोपातली सगळ्यात थंड सनरूम, मेट. आजी पहिल्याच डिसेंबरमध्ये गेल्या असत्या."

ती चूक कागदावरच पकडली गेली. पण त्यानंतर जन्मभर ते नव्या साइटवर गेले की आधी हात आडवा धरून दोनदा दिशा तपासायचे, आणि तरीही मला विचारायचे.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला ते येत. पोरं त्यांना डिग्बीकाका म्हणू लागली आणि मग सगळेच म्हणू लागले. फक्त भारत-ऑस्ट्रेलिया मॅच चालू असली की त्यांना मंडळात कुणी चहा विचारत नसे. काका उघड ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे. इंग्लंडविरुद्ध मॅच असली की ऑफिसात हीच गत. दोन्हीकडून उपाशी राहून ते एकटेच एका बाजूला बसायचे आणि अगदी मजेत असायचे.

तर त्यांची कारकीर्द. लंडनमधून ते बर्मिंगहॅमला आले, आमच्या ऑफिसात भागीदार झाले, पुढे प्रमुख झाले. लायब्ररी, दोन-तीन शाळा, हॉस्पिटलची नवी विंग, एक मोठा टाऊन हॉल. बक्षिसं मिळाली. मासिकांतून लेख आले. त्यांच्या प्रत्येक इमारतीत कुठेतरी वळणावर खिडकीशी बसायचा एक कोपरा असे, आणि त्याबद्दल विद्वान मंडळींनी बरंच लिहिलं. विरामाचं अवकाश, सार्वजनिक इमारतीतलं एकांताचं राजकारण, असलं काही काही. एका परिसंवादात एका प्राध्यापिकेनं हा कोपरा जपानी विचारांतून आलाय का असं विचारलं. काका म्हणाले, नाही, हे रुसायला आहे. सभागृह हसलं. त्यांना तो विनोद वाटला.

काकांना तो विनोद मुळीच वाटत नसे. आपल्याकडे जुन्या राजवाड्यांत राण्यांसाठी कोपगृह असायचं हे त्यांनी आईच्या गोष्टींतून ऐकलं होतं. "त्या आर्किटेक्टला ब्रीफ कळला होता, गिऱ्हाइकाला काय हवंय ते," ते म्हणायचे. "आपण होम सिनेमा देतो, वाइन ठेवायला खोली देतो. आणि माणूस रुसला तर जाणार कुठे? टॉयलेटमध्ये?"

या जागेचं त्यांचं शास्त्र होतं आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती. घरातले आवाज तिथं यायला हवेत, पण शब्द कळता कामा नयेत. आपल्याशिवाय जग चालू आहे हे ऐकू आल्याशिवाय रुसण्याला धार येत नाही. जागा कुठल्यातरी वाटेवर हवी, कारण समजूत काढायला आलोय असं म्हणून कुणी येत नाही, मी आपला टॉवेल घ्यायला चाललो होतो असं म्हणत यावं लागतं. बसायला दोघांची सोय हवी, पण समोरासमोर नाही आणि शेजारीशेजारीही नाही, जरा तिरकी. "येणाऱ्याला फक्त कान दिसला पाहिजे," काका म्हणायचे. "तोंड दिसलं की भांडण परत सुरू." आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार नको. कुणी कितीही मागितलं तरी ते त्या कोपऱ्याला दार देत नसत.

"दार लावलं की ते रुसणं राहत नाही," ते म्हणायचे. "ते जाणं होतं."

एका शाळेच्या हेडमास्तरांनी त्यांना सांगितलं की मुलांसाठी असं काही नको, ती तिथंच बसून राहतील. काका म्हणाले, मुलांसाठी नाहीच आहे, तुमच्या स्टाफसाठी आहे. हॉस्पिटलच्या विंगमध्ये त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या कॉरिडॉरला हा कोपरा ठेवला. माझा नवरा सुनील तिथंच डॉक्टर आहे. तो सांगतो की मोठमोठे सर्जन तिथं खिडकीबाहेर बघत बसलेले असतात आणि नर्सेस लांबून ठरवतात, आज कुणी जायचं.

आमच्या कॉव्हेंट्रीच्या घराला मागे खोली वाढवायची होती तेव्हा काका जेवायला आले आणि ताट पुढे येण्याआधी तोच प्रश्न. सुनील म्हणाला, आमच्याकडे कुणीच रुसत नाही हो. काकांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी वाढायला उठले. मी कमी बोलते, लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात, आणि इतकी वर्षं मीही त्या नावावर खूश होते. काकांनी पुढे काही विचारलं नाही. पण ड्रॉइंग आलं त्यात वॉशिंग मशीनच्या शेजारी खिडकी होती आणि बसता येईल एवढा कट्टा. मी तिथं जाऊन बसते हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये मात्र असं काही नव्हतं. एक मोठी खोली, भिंतीला टेबल, एक खुर्ची. मी एकदा विचारलं होतं, काका, इथं कुठे? ते हसून म्हणाले, "एकटा माणूस कुणावर रुसणार?" कधीकाळी त्यांचं लग्न झालं होतं एवढं मंडळात सगळ्यांना माहीत होतं. आमच्या लोकांना घराचं मॉर्गेज किती उरलंय हे विचारताना काही वाटत नाही, पण हा विषय कुणी काढत नसे. मीही काढला नाही. मी काहीच काढत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

काकांची शेवटची इमारत कॉव्हेंट्रीत झाली, म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लॅट्स. ती उभी राहिली की ते खुर्ची सोडणार होते. प्रत्येक मजल्यावर लिफ्टजवळ, दक्षिणेच्या खिडकीशी, त्यांनी तो कोपरा काढला होता. इतक्या प्रेमानं त्यांनी तो कुठेच काढला नसेल. म्हणायचे, म्हातारपणी रुसायला कारणं भरपूर आणि जागा एकच, पलंग. काम माझ्याकडे होतं, साइटवरही मीच जायची.

बांधकाम अर्ध्यावर आलं तेव्हा तिथली मॅनेजर फियोना माझ्याकडे आली. व्हीलचेअरी कुठे ठेवायच्या, माणसाला उचलून खुर्चीत बसवायची यंत्रं कुठे ठेवायची? प्रत्येक मजल्यावर कपाट हवं, लिफ्टजवळच हवं. तिचं म्हणणं बरोबर होतं. ही गोष्ट सुरुवातीलाच आमच्या ध्यानात यायला हवी होती. लिफ्टजवळ जागा एकच होती. त्या आठवड्यात काका अ‍ॅडलेडला होते, त्यांच्या जुन्या युनिव्हर्सिटीनं त्यांचा सन्मान ठेवला होता. मी कोपऱ्यांना भिंत घातली, दार लावलं आणि बदललेलं ड्रॉइंग पाठवून दिलं.

फोन करता आला असता. पण समारंभात कशाला, म्हटलं. काका परत आले ते इतके खुशीत की आल्या आल्या सगळ्या ऑफिसला स्लाइड दाखवत बसले. मग म्हटलं, उद्या सांगू. उद्या त्यांना सर्दी झाली. मग मीटिंग होती. मग कोपऱ्याचा विषय निघाला की मी हातातला कागद बघू लागायची. आणि खरं सांगायचं तर मनातून मला ते खूळच वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाचं खूळ, यशस्वी आहे म्हणून लोक चालवून घेतात, एका इमारतीत नसलं तर काय बिघडलं. हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले नव्हते. आत्ता पहिल्यांदा लिहिते आहे.

इमारत ताब्यात द्यायच्या दिवशी काका नवी टोपी घालून आले. खालच्या मजल्यावर त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, फरशीची तारीफ केली, फियोनाला हसवलं. आम्ही लिफ्टनं वर गेलो. दार उघडलं. काका दोन पावलं पुढे झाले आणि थांबले.

"दार?" ते म्हणाले.

फियोनानं मोठ्या कौतुकानं ते उघडून दाखवलं. आत घडी घातलेल्या व्हीलचेअरी आणि त्यांच्यावर छतापर्यंत प्रौढांच्या डायपरची खोकी. खिडकी होती तशीच होती, तिला हलवायचं काही कारण नव्हतं. तिच्यातून त्या दिवशी कधी नव्हे ते स्वच्छ ऊन येत होतं आणि सगळं खोक्यांवर पडलं होतं.

काकांनी ते जरा वेळ पाहिलं. मग फियोनाला म्हणाले की स्टोअर उत्तम झालंय, डायपरना ऊन छान मिळतंय. ती हसली. बाकीचे मजले त्यांनी तितक्याच शांतपणे पाहिले, चहा घेतला, फोटो काढू दिले. माझ्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "माधवीताई, शाळेची फाइल आपल्याकडे असेल तर द्याल का?"

इतकी वर्षं मी ‘तू’ होते. ‘मेट’ होते. कधी घाईत ‘ए’ होते.  एवढं नीट मराठी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग रोज तेच. आपण बघून घ्याल ना, आपल्याला वेळ आहे का. आवाज चढलेला नाही, चेहरा हसरा, आणि ऑफिसातल्या इंग्रजांना कळायचं काही कारणच नाही, त्यांच्या भाषेत मी होते तिथंच होते. घरी येऊन मी सुनीलला सांगितलं. तो म्हणाला, मग बोल ना त्यांच्याशी. जगातली सगळ्यात सोपी गोष्ट असल्यासारखं म्हणाला.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट सुरू झाली. ऑफिस सुटलं की काका खाली कार पार्कमध्ये जाऊन आपल्या गाडीत बसत. गाडी सुरू करत नसत. चालवायच्या सीटवर नाही, शेजारच्या सीटवर बसत. वरच्या खिडकीतून मला त्यांची टोपी दिसायची. रिसेप्शनवरची म्हणाली, ऑस्ट्रेलियाला फोन करत असतील. मीही दोन दिवस स्वतःला तेच सांगितलं. मग लक्षात आलं की इथं संध्याकाळ असते तेव्हा अ‍ॅडलेडला मध्यरात्र उलटून गेलेली असते. तिकडे फोन घ्यायला कोण जागं असणार?

म्हणजे ते नुसते बसत होते.

शुक्रवारी मी स्टेशनकडे निघाले आणि गेटपर्यंत गेलेली परत फिरले. गाडीचं दार लॉक नव्हतं. मी चालवायच्या सीटवर जाऊन बसले, पर्स मांडीवर घेतली. ट्रेनला वेळ आहे अजून, असं काहीतरी म्हणाले. ते बाहेर बघत राहिले. समोर भिंत होती आणि कचऱ्याचे मोठे डबे.

"काका, मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

 मग ते इंग्रजीतही नाही आणि त्या चार दिवसांच्या मराठीतही नाही, आपल्या नेहमीच्या मोडक्या मराठीत बोलायला लागले.

बायकोचं नाव अनघा. पुण्याची. लग्न करून ती ईलिंगला आली तेव्हा त्यांच्याकडे एक खोली होती, तिच्यातच शेगडी आणि तिच्यातच ड्रॉइंग बोर्ड. ते एका मोठ्या स्पर्धेचं काम करत होते, रात्रंदिवस. भांडण झालं की तिला जायला जागाच नसे. माहेर विमानानं जाण्याएवढं लांब, ओळखीचं कुणी नाही, बाहेर पाऊस. ती खाली जाऊन गाडीत बसायची. शेजारच्या सीटवर, कारण तिला चालवता येत नव्हतं. ड्रॉइंग बोर्ड खिडकीशीच होता. त्यांना वरून तिचं डोकं दिसायचं.

"तुम्ही जायचात खाली?" मी विचारलं.

"नाही. मला वाटायचं, थंडी वाजली की येईल वर." त्यांनी टोपी सारखी केली. "यायची. दर वेळी यायची. तिथंच घोळ झाला, मेट. ती यायची म्हणून मला जायची गरजच कधी वाटली नाही."

मग त्यांनी तिला गाडी शिकवली. तिला एकटीला बाहेर पडता यावं म्हणून, खरोखर चांगल्या मनानं. रविवारी रिकाम्या रस्त्यांवर शिकवायचे. पहिल्याच टेस्टला ती पास झाली, त्यांनी केक आणला. त्यानंतर एकदा असंच काही झालं, कशावरून ते त्यांना आता आठवतही नाही. ती खाली गेली. थोड्या वेळानं त्यांनी बोर्डवरून मान वर करून पाहिलं, तर ती दुसऱ्या सीटवर बसलेली.

"मी बघत होतो वरून. इंडिकेटर दिला तिनं आणि गेली. रस्ता रिकामा होता, तरी दिला. मीच शिकवला होतं तसं."

ती स्पर्धा ते जिंकले. त्यांचं पहिलं बक्षीस तेच. अनघा आता न्यूझीलंडला असते, तिला नातवंडं आहेत, ती सुखात आहे, दिवाळीला दोन ओळींचा मेसेज येतो. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. एखाद्या जुन्या इमारतीत गळती कुठून होती ते सांगावं तसं सांगितलं.

मी म्हणाले की मी सोमवारी फियोनाशी बोलते. तळमजल्यावर दुसरी जागा निघेल, एखाद्या मजल्यावरचं तरी कपाट हलवता येईल.

"कपाट राहू दे," ते म्हणाले. "व्हीलचेअरी काय डोक्यावर ठेवतील? बरोबर आहे तिचं. मी असतो तर मीही तेच केलं असतं. कुरकुर करून केलं असतं."

"मग?"

"तू सांगितलं नाहीस."

मी खाली बघत होते. जे उत्तर होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. ते खूळ वाटलं होतं मला. पण तेही सांगितलं. जड जिभेनं, तुटक तुटक, पण सांगितलं. काका ऐकत होते. थोडं हसल्यासारखे वाटले, खात्री नाही.

"सोमवारपासून बसतोय इथं," मग ते म्हणाले. "मला वाटायचं, आज तू येशील."

मी इतकी वर्षं या माणसाबरोबर काम केलं. त्यांच्या गोष्टी मी पार्ट्यांमध्ये रंगवून सांगितल्या आहेत, कुत्र्याची, सनरूमची, हशा घेतला आहे. आणि कुणी यावं म्हणून हा माणूस कुठेतरी बसला असेल हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. मी पर्स उचलली नाही. ट्रेन गेली असणार. कार पार्कमधल्या बाकीच्या गाड्या एकेक करून निघून गेल्या, आमच्या मागचे दिवे लागले. आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि मला पहिल्यांदाच न बोलण्याचं ओझं वाटलं नाही.

सुनीलचा फोन आला. कुठे आहेस, ट्रेन चुकली का? एरवी मी हो म्हणाले असते. सोपं उत्तर होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी काकांपासून एक गोष्ट लपवली होती, ते दुखावले होते. त्यांच्याजवळ बसले आहे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. 

काका समोरच्या भिंतीकडे बघतच होते. "त्याला विचार," ते म्हणाले, "जेवायला काय आहे."

मी विचारलं. खिचडी आहे, सुनील म्हणाला, कालची कढी आहे, पापड भाजतो.

काकांनी टोपी काढून मागच्या सीटवर टाकली. खिशातून गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि आपला सीटबेल्ट लावून घेतला.